खालच्या घराला काळे कुणी फासले? एक फोटो आणि एका शटरची साक्ष

आजचा धागा एका यंत्राविषयी आहे. यंत्र लहान आहे, तळहातावर मावणारे. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यातले शटर. पण सुरुवात एका फोटोपासून करावी लागेल, कारण या फोटोमुळे मालवणातली दोन घरे जवळजवळ पन्नास वर्षे एकमेकांकडे गणपतीलाही गेली नाहीत.

फोटो कृष्णधवल आहे. दांडीचा किनारा, मागे समुद्रात सिंधुदुर्ग, पुढे वाळूत ओळीने उभी असलेली माणसे. डावीकडे आणि मध्यभागी आमच्या वरच्या घरातली मंडळी. उजवीकडे खालच्या घरातली. म्हणजे असायला हवीत. तिथे आहे तो काळोख. मध्याकडून उजवीकडे जाताना चित्र हळूहळू मळत जाते आणि शेवटच्या पाचव्या हिश्शात निव्वळ काळा पट्टा उरतो. एका लुगड्याचा काठ आणि एक हाताचा कोपर एवढेच त्या काळोखाच्या सीमेवर ओळखू येते.

फोटो काढला होता माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाने, नानांनी. ते जहाजावर नोकरीला होते. फोटोनंतर थोड्याच काळात माडांच्या बागेच्या वाटणीचा दावा कोर्टात गेला, आणि मग घरात एक वाक्य रुजले ते आजपर्यंत: ‘नानान् खालच्या घराक काळां फासल्यान.’ भांडणाच्या रागात नानांनी प्रिंट काढताना त्या माणसांवर मुद्दाम काळोख चढवला, असा त्याचा अर्थ. पुरावा म्हणून लग्नातले फोटो दाखवले जात. ते त्याच कॅमेऱ्याने घराच्या पडवीत काढलेले आणि त्यांत दोन्ही घरांची सगळी माणसे स्वच्छ दिसतात. भांडणाआधी सगळे आहेत, नंतर नाहीत; आणखी काय हवे?

नाना गेले. कॅमेरा कपाटात राहिला. तो माझ्याकडे आला तेव्हा माझ्या मनात एवढेच होते की शटर दुरुस्त करून घ्यावे आणि त्याने फोटो काढावेत.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी शटर म्हणजे काय, ते पाहू.

छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत शटर नव्हतेच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी. (भाऊ दाजींचा जन्म पेडण्यातल्या मांद्र्याचा, तेरेखोलची खाडी ओलांडली की आमचा जिल्हा. कोकणी माणसाचे छायाचित्रणाशी नाते असे पहिल्या पानापासूनचे आहे.) त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून ती ओली असतानाच प्रकाशासमोर धरावी लागे आणि चित्र उमटायला काही सेकंद लागत. छायाचित्रकार भिंगावरची टोपी हाताने काढी, मनात आकडे मोजी आणि टोपी परत लावी. हात हेच शटर आणि मन हेच घड्याळ.

पुढे कोरड्या आणि अधिक संवेदनशील काचा आल्या, सेकंदाचे भाग करण्याची गरज पडली आणि ते माणसाच्या हाताला जमणारे नव्हते. १८८०च्या दशकात जर्मनीत ओटोमार आन्शुट्झ यांनी काचेच्या अगदी पुढे धावणारा, फट असलेला पडदा वापरून उडत्या करकोच्यांचे फोटो घेतले. सगळे चित्र एकाच क्षणी उघडण्याऐवजी एक अरुंद फट चित्रावरून सरकवायची, ही ती कल्पना. रेंजफाइंडरच्या शटरचे मूळ इथे आहे.

वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यातले यंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक यांनी १९१३-१४च्या सुमारास ही फट सिनेमाच्या फिल्मवर चालणाऱ्या खिशातल्या कॅमेऱ्यात बसवली. चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लायका या नावाने विक्रीला आला. १९३२च्या लायकात रेंजफाइंडर भिंगाशी जोडला गेला: दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की अंतर बरोबर. त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या त्साइस इकॉनने कॉन्टॅक्स काढला. त्यात कापडाऐवजी धातूच्या पट्ट्यांचा, वरून खाली धावणारा पडदा होता. कागदावर तो लायकापेक्षा सरस होता, पण त्याला धरून ठेवणाऱ्या फिती झिजत आणि तुटत. दुरुस्त करणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची डोकेदुखी ती. माझे मत विचाराल तर कापडाचा पडदा हीच जास्त शहाणपणाची रचना, कारण तो बिघडला तर हळूहळू बिघडतो आणि बिघडताना चिन्हे सोडतो.

लायकाच्या शटरमध्ये दोन पडदे असतात. रबराचा पातळ थर दिलेले काळे कापड. एका बाजूला ते जाड रुळावर गुंडाळले जातात, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग भरलेले दोन बारीक रूळ त्यांना ओढत असतात. कळ दाबली की पहिला पडदा सुटतो आणि चौकट उघडी करत जातो. त्याच्यामागून दुसरा सुटतो आणि ती झाकत जातो. दोघांच्या मधली जागा म्हणजे फट.

गंमत अशी की वेग कितीही ठेवा, पडदे धावतात साधारण एकाच गतीने. संपूर्ण चौकट ओलांडायला त्यांना सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग लागतो. १/३० सेकंदाला पहिला पडदा पार पलीकडे पोचतो, सगळी चौकट उघडी होते आणि मग दुसरा निघतो. १/५०० सेकंदाला मात्र दुसरा पडदा पहिल्याच्या अगदी पाठीवर निघतो. मधली फट उरते दोन-तीन मिलिमीटरची. म्हणजे धावत असताना पहिला पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढा जरी रेंगाळला, तरी दुसरा त्याला गाठतो. फट मिटते. तिथून पुढे चौकटीला प्रकाशच मिळत नाही.

हा हिशेब लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

हे यंत्र मालवणात आले कसे? लायकाची रचना सोव्हिएत संघात फार लवकर उचलली गेली. खारकीवमध्ये निराधार मुलांसाठी १९२७ साली एक वसाहत स्थापन झाली होती, शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को यांच्या देखरेखीखाली. तिथली मुले आधी विजेवर चालणारी छिद्रयंत्रे बनवत. १९३४पासून त्यांनी लायकाची नक्कल बनवायला घेतली आणि तिला वसाहतीला ज्याचे नाव दिलेले होते त्या फेलिक्स एदमुंदोविच जेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून ‘फेड’ नाव दिले. युद्धानंतर १९४८मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे त्याच घराण्यातला ‘झोर्की’ सुरू झाला. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री युद्धाच्या भरपाईत पूर्वेकडे गेली आणि तिच्यातून ‘कीव’ निघाला. सर्वसामान्य माणसाला परवडणारा रेंजफाइंडर जगाला मिळाला तो असा, पराभूत जर्मनीच्या आणि अनाथ मुलांच्या हातून.

इकडे भारतात १९५६-५७च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. कॅमेरा ही चैन ठरली. पण सोव्हिएत संघाशी डिसेंबर १९५३चा व्यापार करार होता, देवघेव रुपयांत होत असे आणि १९५६पासून दोन्ही देशांची संयुक्त जहाजसेवाही सुरू झाली होती. मुंबईच्या गोदीत आणि जहाजांवर कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या होतीच. नाना त्यांतले एक. काळ्या समुद्रावरच्या ओदेसा बंदरात त्यांनी हा सोव्हिएत कॅमेरा विकत घेतला आणि ट्रंकेत लुंग्यांच्या घडीत गुंडाळून घरी आणला, असे आजी सांगे. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला.

सोव्हिएत थंडीत बनलेले कापड आणि मालवणची हवा यांचे फारसे पटत नाही. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उरलेल्या वर्षभर हवेत मीठ असते. रबर उष्णतेने आणि हवेने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात आणि भेगांतून सुईच्या टोकाएवढी छिद्रे होतात. कारखान्यात घातलेले वंगण वाळून डिंकासारखे चिकटते. रेंजफाइंडरला आणखी एक शाप आहे. त्यात भिंग आणि पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. भर दुपारी टोपी न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून वाळूत ठेवला, तर भिंग त्याचे काम चोख करते: सूर्य पडद्यावर एकवटतो आणि कापड जळते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तसेच.

या प्रत्येक बिघाडाचे फिल्मवर वेगळे अक्षर उमटते. छिद्र असेल तर फोटोत पांढरा ठिपका. जळके भोक असेल तर मोठा, विरत जाणारा डाग. पडदा रेंगाळत असेल तर एका कडेला काळोख, आणि तोही फक्त वेगवान शटरवर.

हे मला आधी ठाऊक नव्हते. मी कॅमेरा घेऊन बाजारातल्या एका वयस्कर घड्याळजींकडे गेले. पूर्वी मोठ्या दुरुस्तीसाठी कॅमेरे मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजारात जात. गावात मात्र घड्याळ दुरुस्त करणाराच कॅमेऱ्याचाही वैद्य असे. तळाची पत्री काढून, डोळ्याला भिंग लावून काकांनी आत पाहिले आणि पहिला प्रश्न केला: ‘कोणी घातल्यान गो ह्येच्यात तेल?’

तेल कुणीतरी सढळ हाताने घातले होते. शिवणयंत्राचे असावे. शटर अडकले की घरोघरी हाच उपाय होतो आणि पडद्यांचे पहिले मरण त्यातच असते. तेल कापडात झिरपते आणि रबर सुटू लागते. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे स्प्रिंगचा ताण वाढवणे. पडदा रेंगाळतोय ना, मग ओढा जोरात. त्याने काही महिने बरे चालते, मग फिती तुटतात. खरे काम उलटे असते: जुने वंगण पूर्ण धुऊन काढायचे, दाते आणि आस कोरडे करायचे, सुईच्या टोकाने नेमक्या जागी थेंबाचाही अंश द्यायचा आणि मग पडदे धावतील एवढाच, त्याहून जास्त नाही, असा ताण ठेवायचा. दोन पडद्यांचे ताण एकमेकांशी जुळवणे ही त्यातली खरी कसोटी. कापड गेले असेल तर पडदे नव्याने कापून चिकटवावे लागतात, आणि तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही चौकटीत दिसते.

मी म्हटले, ‘काका, पडदेच बदलून टाका.’ त्यांनी मान हलवली. ‘बिगाड काय तो आधी बघूक होयो मां.’

त्यांच्या दुकानात कोपऱ्यात काचेच्या नळीचा जुना टीव्ही आहे. तो बातम्यांसाठी नाही. अशा टीव्हीच्या पडद्यावर प्रकाशाची रेघ वरून खाली ओळीओळीने धावते. कॅमेऱ्याचा पडदा आडवा धावतो. भिंग काढून, मागचे दार उघडून कॅमेरा टीव्हीसमोर धरला आणि शटर सोडले, की दोन धावांच्या मिलाफातून चौकटीत तिरपे पट्टे दिसतात. पट्टा एकसारख्या रुंदीचा असेल तर पडदे निरोगी. निमुळता होत गेला तर आजारी. डोळ्याला हे नीट पकडता येत नाही, म्हणून अंधार करून, मोबाइलचे एक्स्पोजर दीर्घ ठेवून मी मागून फोटो घेतले.

१/३० सेकंदाला चौकट पूर्ण उजळली. १/१२५लाही जवळपास ठीक. १/५००ला पट्टा मध्यापर्यंत जेमतेम रुंद राहिला, मग बारीक होत गेला आणि कडेच्या अलीकडेच संपला. साधारण पाचवा हिस्सा कोरडा.

मी त्या मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहिले. लायकाच्या वंशातल्या कॅमेऱ्यात पडदे मागून पाहता उजवीकडून डावीकडे धावतात. फिल्मवरची प्रतिमा उलटी असते, म्हणून धावेचा शेवट फोटोच्या उजव्या कडेला येतो. खालच्या घराची माणसे उभी होती ती कड.

आणि लग्नाचे फोटो? पडवीत उजेड कमी, शटर १/३०, चौकट पूर्ण उघडी. किनाऱ्यावर दुपारचे ऊन, शटर १/५००. ज्याला आम्ही ‘भांडणाआधी’ आणि ‘भांडणानंतर’ म्हणत होतो, ते कदाचित ‘सावलीत’ आणि ‘उन्हात’ एवढेच होते.

‘कदाचित’ हा शब्द मी जपून वापरते आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथेच थांबावे लागते. आज कॅमेरा बिघडलेला आहे, यावरून तो पन्नास वर्षांपूर्वी तसाच बिघडलेला होता असे ठरत नाही. पडदे मधल्या वर्षांतही कडक झाले असतील. प्रिंटही निकाल देत नाही. प्रिंटमधला काळोख दोन प्रकारे येतो: निगेटिव्ह त्या जागी कोरी असेल तर, किंवा निगेटिव्ह चांगली असूनही अंधाऱ्या खोलीत तेवढ्याच भागावर जास्त प्रकाश दिला तर. दोन्हीची कड मऊच दिसते. नानांना दुसरा प्रकार येत होता. घरी ते स्वतः प्रिंट काढत.

या प्रकारच्या वादाचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर रॉबर्ट कापा कॉन्टॅक्स रेंजफाइंडर घेऊन उतरले. त्यांच्या मोजक्याच चौकटी वाचल्या, त्याही अस्पष्ट. लंडनच्या प्रयोगशाळेत एका मुलाने सुकवण्याच्या कपाटात उष्णता वाढवली आणि बाकीचा लेप वितळला, ही कथा त्यानंतर सत्तर वर्षे सांगितली गेली. २०१४पासून अमेरिकी समीक्षक ए. डी. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. वितळल्याची खूण म्हणून जी दाखवली जाई, ती चित्र फिल्मच्या भोकांवर सरकल्याची खूण त्यांनी वेगळ्या रीतीने वाचली: कोडॅकच्या फिल्मची डबी कॉन्टॅक्सच्या खोबणीत नीट बसत नसे, म्हणून चित्रच थोडे सरकून पडले. प्रयोगशाळेतल्या त्या मुलावर सत्तर वर्षे असलेला ठपका कॅमेऱ्याच्या एका खोबणीने सैल केला. कापा यांच्याविषयीचा वाद अजून संपलेला नाही, पण वाद आता यंत्राच्या पुराव्यावर चालतो, ऐकीव गोष्टीवर नाही.

तेव्हा मला हवी होती निगेटिव्ह. नानांच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. ओल लागून पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, काहींवर बुरशीची जाळी. स्वच्छ पाण्यात भिजवत त्या सोडवायला दोन दिवस गेले आणि काही गेल्याच. दांडीच्या फोटोची पट्टी वाचली. सहा चौकटींची.

चौथ्या चौकटीत आमची दोन्ही घरे. ती खिडकीसमोर धरली. उजव्या कडेला फिल्म पारदर्शक होती, काचेसारखी. खरवडल्याची खूण नाही, डाग नाही. तिथे प्रकाश पोचलाच नव्हता. म्हणजे प्रिंटवर कोणी काही केले नव्हते. काळोख अंधाऱ्या खोलीच्या आधीच, किनाऱ्यावरच झाला होता.

तरीही एक शंका राहते: नानांनी मुद्दाम भिंगापुढे बोट धरले असेल तर? म्हणून बाकीच्या चौकटी पाहिल्या. दुसरीत रापण ओढणारी माणसे. तिसरीत किल्ल्याकडे निघालेली होडी. पाचवीत माणूसच नाही, नुसती लाट आणि क्षितिज. चारही चौकटींत तीच कड, तेवढीच रुंद, तशीच विरत गेलेली. पहिली आणि सहावी सावलीतल्या, त्या पूर्ण. खालच्या घराशी वैर असेल, पण समुद्राशी कोणाचे वैर असणार?

घड्याळजींनी शटर त्यानंतर खोलले. त्याआधी मी एक रोल पांढऱ्या भिंतीवर, प्रत्येक वेगाला दोनदा, वापरून घेतला आणि त्याची नोंद करून ठेवली. आता पडदे नवे आहेत. १/५००ला चौकट काठोकाठ उजळते. जुने पडदे मी टाकू दिले नाहीत. ते एका लिफाफ्यात, पट्टीच्या शेजारी ठेवले आहेत. दुरुस्त झालेला कॅमेरा नानांविषयी आता काहीच सांगू शकत नाही. संग्रहालयांतल्या आणि घरांतल्या किती कॅमेऱ्यांचे असे झाले असेल याचा विचार करते तेव्हा काकांचा तो ‘आधी बघूक होयो’ आठवतो. जुने शटर दुरुस्तीला देण्याआधी एक रोल जरूर काढा, एवढी विनंती या धाग्यातून करते.

निगेटिव्हची पट्टी घेऊन मी खालच्या घरी गेले. पन्नास वर्षांत आमच्या घरातले कोणी त्या पायऱ्या चढले नव्हते. तिथल्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. फोटो काढला तेव्हा काळोखाच्या भागात त्यांचे वडील उभे होते. त्यांचा दुसरा एकही फोटो त्या घरात नाही. लग्नाच्या आधीच ते वारले आणि पडवीतले फोटो त्यानंतरचे.

म्हणजे आमच्या घरात लग्न आधी आणि किनारा नंतर, असे जे सांगत आले होते, तेही उलटे निघाले.

मी त्यांना सगळे समजावून सांगितले: पडदे, फट, ऊन, सावली. आजींनी पट्टी घेतली, खिडकीसमोर धरली, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिली. मग म्हणाल्या, ‘म्हणजे नानान् नाय केल्यान.’

मी म्हटले, नाही केले.

त्यांनी पट्टी परत खिडकीकडे धरली. बोट त्या पारदर्शक कडेवर ठेवून विचारले, ‘आणि माजो बापूस खंय आसा ह्येच्यात?’

बोटाच्या पलीकडे खिडकीबाहेरचे माड दिसत होते.